अश्रू धुरानेही येतात

साहित्यशास्त्राच्या पेपरात नायिकेच्या स्वभावज अलंकारांपाशी आले की बहुतेक अध्यापकांचा वेग वाढतो. लीला, विलास, विच्छित्ती, विभ्रम, किलकिंचित, मोट्टायित, कुट्टमित, बिब्बोक, ललित, विहृत अशी दहा नावे, प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या, जमल्यास एखादे उदाहरण, की झाले. विद्यार्थिनी असताना हे टिपण मी उतरवून घेतले होते आणि पुढे अध्यापिका झाल्यावर तेच, फारसा फरक न करता, सांगत आले. त्यातील कुट्टमिताची व्याख्या अशी : प्रियकराने केस, अधर किंवा स्तन यांना स्पर्श केला असता, अंतर्यामी सुख होत असूनही नायिकेने वरकरणी दुःख वा राग दाखवणे, हात आणि मान झटकून नकार देणे. काही वर्षांपूर्वी हे सांगून मी पुढच्या नावाकडे वळणार तोच एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आणि तिला खरंच नको असेल, तर तिनं काय करायचं?"

वर्गात हशा पिकला. मीही हसले असावे. "पुढे बघू" असे काहीतरी म्हणून मी बिब्बोकाकडे गेले. तो प्रश्न मात्र घरी माझ्यासोबत आला आणि राहिला. मान झटकणे हे होकाराचे चिन्ह म्हणून एकदा नोंदले गेले, तर नकारासाठी कोणते चिन्ह शिल्लक राहते? ज्या परंपरेने अनुरागाच्या देहखुणांची एवढी बारकाईची मोजदाद केली, तिने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता काय? प्रस्तुत लेख म्हणजे त्या हुकलेल्या उत्तराचा उशिराचा शोध आहे.

शोधाचा आरंभ अर्थातच भरतापासून करायला हवा. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव येतात : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मराठी कादंबरीने आणि पुढे चित्रपटाने प्रेमाच्या प्रथमदर्शनाची जी सामग्री वापरली, ती जवळजवळ सगळी या आठांत आहे. कपाळावरचा घाम, अंगावरचा काटा, अडखळलेला शब्द, थरथरता हात. आपण परीक्षेसाठी ही आठ नावे पाठ करतो आणि तेथेच थांबतो. त्याच अध्यायात भरत प्रत्येक भावाची कारणेही देतो, ती सहसा कोणी वाचत नाही. घाम राग, भय, हर्ष, लज्जा यांनी येतो, तसाच तो श्रमाने, रोगाने आणि उन्हाच्या तापानेही येतो. कंप थंडीने येतो, भीतीने येतो, स्पर्शाने येतो आणि म्हातारपणानेही येतो. रोमांच हर्षाचा, तसाच थंडीचा आणि रोगाचाही. अश्रूंची यादी तर मोठी मौजेची आहे. आनंद आणि शोक यांच्या शेजारीच भरताने धूर, डोळ्यांत घातलेले अंजन, जांभई आणि टक लावून पाहणे ही कारणे निमूटपणे बसवली आहेत.

म्हणजे भरताच्या लेखी डोळ्यांतले पाणी हा प्रेमाचा पुरावा नाही. ते चुलीच्या धुराने आलेले असू शकते. एवढे मोकळे विधान करणाऱ्या माणसाला हा आठांचा संच कशासाठी हवा होता? उत्तर सोपे आहे आणि आपण ते विसरतो. तो ग्रंथ स्त्रियांचे मन ओळखू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेला नाही; तो नटांसाठी आहे. ज्याला दुःख झालेले नाही त्याने रडायचे आहे, जिला लाज वाटलेली नाही तिने लाजायचे आहे. हे साधण्यासाठी मनाची जी एकाग्रता लागते तिला भरत 'सत्त्व' म्हणतो. अध्यायाचा सारा रोख चिन्ह कसे घडवावे याकडे आहे. रंगभूमीवर नायक कोण, नायिका कोण, ऋतू कोणता, पूर्वी काय घडले, हे सर्व प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. विभाव ठरलेला असतो, म्हणून अनुभावाचा अर्थ लागतो. रस्त्यावर भेटलेल्या स्त्रीच्या कपाळावरच्या घामाला असा विभाव कोणी जोडून दिलेला नसतो.

नटासाठी केलेली ही यादी नागरकाच्या हाती गेली तेव्हा तिचे काम बदलले. वात्स्यायनाच्या कामसूत्राचा काळ साधारणपणे इसवी सनाचे तिसरे शतक मानतात. त्यातील कन्यासंप्रयुक्तक अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायात 'इंगिताकारसूचन' हे प्रकरण आहे. इंगित म्हणजे हालचालीतून कळणारे, आकार म्हणजे चेहऱ्यावर उमटणारे. कामसूत्राबद्दलच्या सर्वसाधारण समजुती बाजूला ठेवून हे प्रकरण वाचावे. निरीक्षण म्हणून ते विलक्षण आहे. ती त्याच्याकडे समोरून पाहत नाही. तो बेसावध असताना किंवा पुढे निघून गेल्यावर पाहते. त्याने पाहिले तर लाजते. काही विचारले तर खाली मान घालून, अस्पष्ट, अर्धवट, किंचित हसत बोलते. दूर उभी असताना त्याने आपल्याकडे बघावे म्हणून दासींशी चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणत बोलते. ती जागा सोडत नाही. थांबायला मिळावे म्हणून एखादी गोष्ट उगाच लांबवते. मांडीवरच्या लहान मुलाला जवळ घेऊन त्याचे मुके घेते. हे सगळे आपण पाहिलेले आहे. बहुधा केलेलेही आहे.

वात्स्यायन पद्धतीच्या बाबतीतही सावध आहे, हे कबूल केले पाहिजे. पारदारिक अधिकरणाच्या आरंभी तो एक मतभेद नोंदवतो. जुने आचार्य म्हणत की स्त्रीची अंगकाठी आणि शरीरलक्षणे पाहून तिचे शील, सचोटी, ती वश होईल की नाही, हे सारे ओळखावे. वात्स्यायन हे नाकारतो. शरीराची ठेवण आणि स्वभाव यांचा मेळ बसेलच असे नाही, त्यात व्यभिचार आढळतो. म्हणून कल ओळखायचा तर इंगित आणि आकार यांवरूनच ओळखावा, असे तो म्हणतो. 'व्यभिचार' हा शब्द येथे न्यायशास्त्रातल्या अर्थाने आला आहे : हेतू आहे पण साध्य नाही, अशी स्थिती. परस्त्रीच्या प्रकरणात हा शब्द इतक्या कोरडेपणाने यावा, याची गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. जन्मजात देहावरून माणूस ओळखण्याचे सामुद्रिक वात्स्यायनाने बाद केले आणि त्या माणसाच्या स्वतःच्या हालचालींना साक्ष मानले, हे पाऊल निश्चितच पुढचे होते. विवाहानंतरच्या पहिल्या तीन रात्रींविषयी लिहितानाही तो बजावतो की स्त्रिया फुलांसारख्या असतात, विश्वास बसण्यापूर्वी बळजोरी झाली तर त्यांना संभोगाचाच तिटकारा येतो. पण हाच ग्रंथ त्याच अधिकरणाच्या शेवटी मुलीला गुंगी आणून किंवा पळवून नेऊन केलेले विवाहही प्रकार म्हणून नोंदवतो. त्यामुळे वात्स्यायनाला आजच्या अर्थाने स्त्रीचा कैवारी ठरवण्याचा मोह आवरावा.

शिवाय त्याने व्यभिचाराचा आक्षेप शरीरलक्षणांवर घेतला, इंगितांवर घेतला नाही. खाली मान घालून बोलणे हे अनुरागाचे तसेच धाकाचेही असू शकते, हा विचार त्या प्रकरणात नाही. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी मान वर करीत नसे, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी 'लाजली, म्हणजे पसंत आहे' असा निकाल देऊन मोकळी होत. त्या खाली घातलेल्या मानांपैकी किती अनुरागाच्या होत्या, हे त्या त्या मुलींनाच ठाऊक.

देहखुणा वाचणाऱ्या पुरुषाचे सर्वांत परिपूर्ण चित्र मात्र शास्त्रात नाही, नाटकात आहे. दुष्यंत हा भारतीय साहित्यातला सर्वांत आतुर वाचक म्हणावा लागेल. पहिल्या अंकात शकुंतला त्याच्याशी बोलत नाही, पण तो बोलू लागला की कान देते; त्याच्यासमोर उभी राहत नाही, पण नजर दुसऱ्या कशावर फार वेळ ठरत नाही. एवढ्यावरून तो आशा बांधतो. जाताना ती पायात दर्भाचा अंकुर रुतल्याचे आणि वल्कल कोरांटीच्या फांदीला अडकल्याचे सांगून रेंगाळते. दुसऱ्या अंकात दुष्यंत हाच प्रसंग विदूषकाला पुन्हा सांगतो, तेव्हा त्यात एक भर पडलेली असते : वल्कल फांदीला अडकलेलेच नव्हते.

त्याचे वाचन बरोबर होते काय? होते. पण ते बरोबर होते हे आपल्याला कसे कळते, याकडे लक्ष द्यावे. पहिल्या अंकाच्या शेवटी कालिदासाने रंगसूचना दिली आहे की ती निमित्त काढून थांबते. कवीने आपल्याला आतली गोष्ट सांगून ठेवली आहे. दुष्यंताला ती सांगितलेली नाही. आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कालिदास त्याच्याच तोंडून त्याची थट्टा करवतो : तिचे इतरत्र पाहणे, तिची संथ चाल, मैत्रिणीवर तिने रागावणे, हे सारे माझ्यासाठीच होते असे मला वाटते, कामातुर माणूस सगळीकडे आपलेच पाहतो! संथ चालीचे कारण कालिदासाने तेथेच देऊन ठेवले आहे, ते शरीराच्या ठेवणीचे आहे. राजाला हे ठाऊक आहे आणि तरी त्याला ती चाल आपल्यासाठी वाटते. परिपूर्ण वाचकाच्या मनात ही शंका पेरून ठेवणारा कवी वात्स्यायनाच्या पुढे गेलेला आहे, असे मला वाटते.

तिसऱ्या अंकात ही शंका आणखी खोल जाते. शकुंतला आजारी आहे, मैत्रिणी तिला कमळाच्या पानांनी वारा घालीत आहेत आणि राजा झाडाआडून पाहतो आहे. हा उन्हाचा त्रास असेल, की माझ्या मनात आहे तेच? तो स्वतःशीच विचारतो. येथे भरताची ती कारणांची यादी आठवावी. ताप उन्हाचाही असू शकतो. राजा लपून अनुमान करीत असताना अनसूया मात्र वेगळेच काही करते. ती म्हणते, प्रेमाच्या गोष्टी आम्हाला ठाऊक नाहीत, पण कथांतून ऐकलेल्या प्रेमिकांसारखी तुझी दशा दिसते. तूच सांग, कशाने हे झाले, कारण विकार नीट समजल्याशिवाय उपाय सुरू करता येत नाही. अनसूयाही खुणा वाचते, त्यांची जुन्या कथांशी तुलनाही करते. फक्त त्यानंतर ती विचारते. मी हा अंक कितीतरी वर्षे शिकवला, पण झाडाआडचा राजा आणि शेजारी बसलेली अनसूया हे एकाच दृश्यात ज्ञानाचे दोन मार्ग म्हणून उभे आहेत, हे मला त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर दिसले.

या प्रसंगाशी ताडून पाहावी अशी एक कथा ग्रीकांकडे आहे. प्लुटार्कने डिमिट्रियसच्या चरित्रात ती सांगितली आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी सेल्यूकस राजाचा पुत्र अँटिओकस आपल्या सावत्र आईवर, स्ट्रॅटोनिकीवर, मनोमन अनुरक्त होऊन अंथरुणाला खिळला. एरासिस्ट्राटस या वैद्याने शय्येजवळ बसून राहून कोण आले असता काय होते याची नोंद ठेवली. इतर कोणी आले तर काही होत नसे; स्ट्रॅटोनिकी आली की आवाज अडखळे, चेहरा लाल होई, घाम फुटे, नाडी अनियमित होई आणि शेवटी पांढरेफटकपणा येई. स्वरभंग, स्वेद, वैवर्ण्य! भरत आणि प्लुटार्क यांचा परस्परांशी काही संबंध नसताना ही यादी इतकी जुळावी याचे नवल वाटते. त्याहून नवलाची गोष्ट ही की प्लुटार्क स्वतःच सांगतो, ही सारी लक्षणे साफो या कवयित्रीने वर्णिलेली आहेत. वैद्याच्या निदानामागे कवितेची यादी उभी आहे. निदान अचूक ठरले आणि राजाने पत्नी मुलाला देऊन टाकली. तिची नाडी कोणी पाहिली नाही. ती नाखूश दिसली तर तिची समजूत घालावी, असे राजाने सभेत आपल्या मित्रांना सांगितले, एवढाच तिचा उल्लेख.

दुष्यंताकडे परत येऊ. पाचव्या अंकात शापामुळे त्याची स्मृती गेलेली आहे. शकुंतला भर दरबारात संतापते, आणि तो स्वतःशी म्हणतो की हिचा राग बनावट दिसत नाही. म्हणजे वाचनकौशल्य शाबूत आहे. पण त्यावरून तो काही करीत नाही. वल्कल अडकले होते की नाही एवढ्यावरून प्रेम ओळखणाऱ्या माणसाला खरा राग खरा दिसूनही पुरत नाही. अखेर त्याला अंगठीच लागते. प्रेमाच्या बाजूने खूण दिसली तर ती पुरेशी, आणि आपल्यावर काही जबाबदारी येईल अशी खूण दिसली तर ती अपुरी, हा वाचकाचा सोयीस्करपणा कालिदासाने शापाच्या आडोशाने दाखवला आहे काय? मला तशी दाट शंका आहे. मतभेदाला जागा आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या नाटकाला आणखी एक पदर आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' प्रथम रंगमंचावर आले. त्या वेळी आणि पुढे कित्येक दशके ही शकुंतला पुरुषच साकारीत होते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज बायका लुगडे नेसण्याच्या आणि केस बांधण्याच्या तऱ्हा उचलीत, हे सर्वश्रुत आहे. तऱ्हा उचलल्या तर लाजण्याच्या, रुसण्याच्या, मान वेळावण्याच्या लकबी उचलल्या नसतील काय? १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री उभ्या राहिल्या, तोवर मराठी प्रेक्षकाने अनुरक्त स्त्रीचा देह बव्हंशी पुरुषाच्या देहावरच वाचलेला होता. भरताची नटासाठी केलेली यादी येथे अक्षरशः खरी ठरली.

आता आपल्या घरच्या ग्रंथाकडे. हालसातवाहनाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, गोदाकाठच्या राजकुळाच्या नावाने संकलित झालेली. वेबरने ती एकोणिसाव्या शतकात जर्मनीत संपादून प्रसिद्ध केली, आणि स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये आपल्या विस्तृत प्रस्तावनेसह ती मराठीत आणली. तिच्यातील पाणपोईची गाथा सर्वांना माहीत आहे. तहानलेला प्रवासी ओंजळ तोंडाशी धरून वर पाहत पाणी पितो आहे, आणि हळूहळू बोटे विरळ करतो आहे, म्हणजे पाणी गळून जाईल आणि पिणे संपणार नाही. पाणी घालणारी तरुणी ते पाहते आणि आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. लगतच्याच गाथेत भिक्षेकरी भिक्षा वाढणारीच्या नाभीकडे पाहत राहतो, ती त्याच्या मुखाकडे पाहत राहते, आणि तिच्या पळीतले व त्याच्या भिक्षापात्रातले अन्न कावळे खाऊन टाकतात.

या गाथा आणि कामसूत्राची यादी यांत मोठा फरक आहे. यादीत एक पाहणारा आणि एक पाहिली जाणारी. पाणपोईवर दोघेही खूण करतात आणि दोघेही ती वाचतात. त्याने बोटे विरळ केली हा प्रश्न आहे. धार बारीक झाली हे उत्तर आहे. तिने धार जाड केली असती तर? तेही उत्तरच होते, आणि प्रवाशाला पाणी पिऊन वाटेला लागावे लागले असते. शब्द एकही न उच्चारता नकाराची वाट शिल्लक ठेवणारी अशी खूण मला शास्त्रग्रंथांत आढळली नाही. टीकाकार गाथांच्या कर्त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही स्त्रियांची नावे देतात. त्या नावांवर किती विसंबावे हा वेगळा प्रश्न. पण धारेचे ते निरीक्षण कळशी हाताळणाऱ्याचे आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

या गाथा काश्मीरच्या आचार्यांच्या हाती गेल्या आणि एका वेगळ्याच वादाच्या केंद्रस्थानी आल्या. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीची उदाहरणे देताना प्रारंभीच दोन गाथा घेतल्या. एकीत गोदाकाठच्या संकेतस्थळी फुले तोडायला येणाऱ्या धार्मिकाला स्त्री सांगते की तू आता खुशाल हिंड, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला सिंहाने मारले. शब्द परवानगीचे, अर्थ मनाईचा. दुसरीत प्रवाशाला सांगितले जाते की येथे सासू निजते, तेथे मी, दिवसा नीट पाहून ठेव, रातांधळ्या, आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. शब्द मनाईचे, अर्थ निमंत्रणाचा. आपण पाठ्यक्रमात बहुधा या दोन्ही शिकवतो, पण मनात घर करून राहते ती दुसरी. 'नको' म्हणजे 'हो', हे रसिकांना फार आवडले. 'हो' म्हणजे 'नको' असेही होऊ शकते, हे आनंदवर्धनाने त्याच्याआधी सांगितले होते.

अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त आक्षेप घेतला की ध्वनी म्हणून काही वेगळे नाही, हे सारे अनुमानच आहे. धुरावरून अग्नी, तसे शब्दांवरून आणि खुणांवरून अभिप्राय. याला मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात दिलेले उत्तर या लेखाच्या दृष्टीने कळीचे आहे. तो एक सुप्रसिद्ध श्लोक घेतो. नायिकेने प्रियकराकडे धाडलेली दूती परत आली आहे. तिच्या अंगावरचे चंदन पुसले गेले आहे, ओठांचा रंग गेला आहे, काजळ उतरले आहे, अंगावर काटा आहे. नायिका उपरोधाने म्हणते, तू तळ्यावर स्नानाला गेली होतीस, त्या अधमाकडे गेली नव्हतीस! अर्थ काय, हे प्रत्येक वाचकाला कळते. पण मम्मट म्हणतो, हे अनुमान नव्हे. चंदन पुसले जाणे इतर कारणांनीही होते, त्याच श्लोकात ते स्नानाने झाल्याचे म्हटले आहे. त्यामुळे या खुणा उपभोगाशीच बांधलेल्या नाहीत, त्या अनैकांतिक आहेत. अग्नीशिवाय धूर नसतो म्हणून धूर हा पुरावा. उपभोगाशिवायही चंदन पुसले जाते, म्हणून तो पुरावा नाही. काव्यात खुणेतून अर्थ सुचतो, सिद्ध होत नाही. हाच शब्द त्याने चौथ्या उल्लासातही वापरला आहे : अश्रू हे शृंगाराचे अनुभाव तसेच करुणाचे आणि भयानकाचेही, एकेकटे घेतले तर ते अनैकांतिक, म्हणूनच रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी एकत्र सांगितले आहेत.

हा युक्तिवाद मी एम.ए.ला असताना ध्वनिविरोधकांचे खंडन या शीर्षकाखाली पाठ केला होता. त्यात माणसांविषयी काही म्हटले आहे असे तेव्हा वाटले नाही. आता वाटते की कुट्टमिताची व्याख्या मम्मटाच्या या कसोटीला लावून पाहावी. व्याख्येत अंतरीचे सुख हे आधीच गृहीत आहे. सुख असताना वरवर राग दाखवला, तर त्याला कुट्टमित म्हणावे. ज्ञानाची दिशा सुखाकडून हालचालीकडे आहे, कारण कवीला आणि नटाला ते सुख ठाऊक आहे. मान झटकली म्हणजे सुख झाले, असे भरत म्हणत नाही, विश्वनाथही म्हणत नाही. ती उलटापालट टिपणांनी केली, चित्रपटांनी केली, आणि मीही वर्गात केली.

ही उलटापालट काव्यापुरती राहिली असती तर लेख लिहिण्याची गरज नव्हती. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. ते येथे लिहीत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हतबल शरणागती म्हणजे संमती नव्हे असे म्हणून शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निकालातील युक्तिवादाचा मोठा भाग होता. खुणेचा अभाव हाही होकार म्हणून वाचला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली : निःसंदिग्ध, स्वेच्छेची, शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य शाब्दिक वा अशाब्दिक मार्गाने व्यक्त झालेली, आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती तशीच आहे. कायद्याने हावभाव नाकारलेले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. पाणपोईच्या धारेला त्यात जागा आहे. मात्र ती निःसंदिग्ध असली पाहिजे. मम्मटाच्या भाषेत, अनैकांतिक असून चालणार नाही.

तरीही २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निकालात क्षीण 'नको'चा अर्थ 'हो' असा होऊ शकतो, अशा आशयाचे विवेचन आले. ते वाचताना मला माझेच जुने टिपण वाचल्यासारखे वाटले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला शेवटी नाट्यशास्त्रातच सापडले. ग्रंथाच्या उत्तरार्धात वैशिक नावाचा अध्याय आहे. तो अभ्यासक्रमात नसतो. तेथे भरत अनुरक्त स्त्रीची लक्षणे देतो आणि लगेच विरक्त स्त्रीचीही देतो. चुंबन घेतले तर ती तोंड पुसते. गोड बोलले तरी रागावते. त्याच्या मित्रांचा द्वेष करते, शत्रूंची स्तुती करते. शय्येवर पाठ फिरवून निजते. त्याच्याकडे पाहत नाही, त्याचे स्वागत करीत नाही, त्याने कितीही केले तरी प्रसन्न होत नाही. म्हणजे नकाराचीही यादी होती. दीड-दोन हजार वर्षे ती त्याच ग्रंथात होती आणि आम्ही होकाराचे तेवढे उतरवून घेतले.

तोवर ती विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली होती. पुढच्या तुकडीला मी दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दिल्या. वात्स्यायनाचे इंगितही त्यांत जोडले. एका मुलाने लगेच दाखवून दिले की 'त्याच्याकडे पाहत नाही' हे दोन्हीकडे आहे. मग कुठल्या यादीतले धरायचे, असे त्याने विचारले. त्यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले, तास संपल्यावरही काही जण थांबले, आणि त्या दिवशी बिब्बोक राहूनच गेला. विरक्तेच्या लक्षणांवर परीक्षेत अजून प्रश्न आलेला नाही.